सतरा नंबरचा निळा

हायसिंथचं फूल ज्यांनी पाहिलं नाही त्यांना एवढंच सांगते: कांद्याएवढा कंद, त्यातून वर आलेला एक जाड दांडा, आणि त्याला लगटलेल्या लहान लहान घंटा. वास असा की एक दांडा अख्ख्या घराला पुरतो. पण गडद निळ्या जातीला वास बेताचा, आणि वासाची जुनी फिकी जात इतकी नाजूक की जरा वारा आला की आडवी. या दोन जातींचा संकर करून टिकाऊ आणि सुवासिक असं एक रोप काढायचं, हा अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, अठरा वर्षांचा नाद. बी पेरल्यापासून पहिलं फूल यायलाच सहा वर्षं लागतात. अठरा वर्षांत फक्त तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत, यंदा, चाळीस रोपं फुलली.

ही सगळी वर्षं मी त्यांच्या मागे होते. कंद उकरणं, पंख्याखाली वाळवणं, सडका असेल तो बोटांनी चाचपून बाजूला काढणं, सगळं माझं. निवड तेवढी त्यांची. दादा, माझा भाऊ, दुसऱ्या शहरात फरश्या विकतो. वर्षातून एकदा येतो आणि वाफ्याजवळ गेला की शिंकत सुटतो.

निवडीची आमची रीत ठरलेली. ऊन चढायच्या आत अप्पा रांगेत गुडघ्यावर बसत, प्रत्येक फुलाला नाक लावत आणि शेजारी काठी रोवत. पांढरी काठी म्हणजे ठेवायचं, लाल म्हणजे काढायचं. लाल काठीचे कंद त्याच दिवशी उभे चिरून भट्टीत, कारण टाकलेला कंद कुणी उचलून नेला तर आपली मेहनत त्याच्या अंगणात फुलते. चिरायचं काम अर्थात माझं.

यंदा थंडीत अप्पा तीन आठवडे तापाने झोपून होते. बरे झाल्यावर एकदा त्यांच्या शेजारी दूध करपून काळं झालं, तरी ते पेपर वाचत बसलेले. मी ओरडले, वय झालं म्हटलं आणि पातेलं घासायला घेतलं.

निवडीच्या सकाळी सतरा नंबरने मला अवजारांच्या खोलीपाशीच गाठलं. फिका निळा. आठवडाभराच्या वाऱ्यात शेजारचे झोपले होते, हा ताठ उभा होता. आणि वास... वासाची वर्णनं करणाऱ्यांचा मला राग येतो, म्हणून करत नाही. अप्पा त्याच्यापाशी बसले, नाक लावलं, मान हलवली आणि लाल काठी रोवली.

"अप्पा, सतरा परत एकदा बघा."

"नाक माझं आहे की तुझं?"

मी पुढची काठी त्यांच्या हाती दिली. मला कळत नाही असं काहीतरी त्यांना कळलं असेल, असं मानायची अठरा वर्षांची सवय होती. चार गडद निळ्यांना पांढऱ्या काठ्या मिळाल्या. संध्याकाळी मी छत्तीस कंद चिरले, सतरासकट. रसाने हात कोपरापर्यंत खाजत होते. सतराचं फूल मात्र भट्टीत टाकवेना. ते पेल्यात घालून माझ्या खोलीत ठेवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी अप्पा खताच्या पोत्यांचं बोलायला माझ्या खोलीत आले. खिडकी बंद, डोकं दुखावं इतकी खोली वासाने भरलेली. ते पेल्याशेजारच्या खुर्चीत बसले आणि अर्धा तास पोत्यांवर बोलले. फाटकातून आत आलेल्या पाहुण्याचा साबण ओळखणारा माणूस. मी तशीच उठून वाफ्यावर गेले आणि चारही पांढऱ्या काठ्यांपाशी वाकले. कोऱ्या कागदाला असतो तेवढाच वास. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

परत आले तर ते तिथेच बसलेले.

"तुम्हाला वास येत नाही," मी म्हटलं. "कधीपासून?"

नाही म्हणतील असं वाटलं होतं. "तापापासून," ते म्हणाले.

मग ते चार कशावरून ठेवले, असं विचारलं. बरेच आढेवेढे घेतल्यावर सांगितलं, की निवडीच्या आधी चाळीसही फुलांचे फोटो त्यांनी दादाला पाठवले होते. दादाच्या नजरेत जे भरले त्यांचे नंबर त्याने कळवले. वास घ्यायचं काम, फोटोवरून, आणि तेही शिंकणाऱ्या माणसाकडे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण कळसा निदान बोलत नाही. मी तर बोलले होते.

"मी मागेच उभी होते, अप्पा. हातभर अंतरावर. मला का नाही विचारलंत?"

ते नखांतली माती काढू लागले.

"तुला एकदा विचारलं असतं," ते म्हणाले, "तर मग दरवेळी तुलाच विचारावं लागलं असतं."

खरंच होतं ते. दरवेळी मलाच विचारावं लागलं असतं, आणि सतरा नंबर आज वाफ्यात उभा असता.