चॉकलेटच्या कागदाचा आवाज

दारामागे चाकांची खुर्ची घडी घालून उभी आहे. तिच्या एका चाकाला बुटाची नाडी गुंडाळलेली आहे. ती कोणी सोडवलेली नाही.

खड्डा खणला की बुजवायचा. गवताची चकती होती तशी परत बसवायची आणि हाताने दाबायची, पायाने नाही.

जमिनीतला धातू शोधणाऱ्या मशीनबरोबर आलेल्या माहितीपुस्तिकेची सोळावं आणि सतरावं ही पानं छापखान्यात नीट कापली गेली नाहीत. ती एकमेकांना चिकटलेली आहेत.

लॉन्ड्रीत इस्त्री करणाऱ्या बाईच्या उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे. मागच्या नोकरीत तो नव्हता.

वहीतली आजची नोंद. समुद्र, सकाळ. बाटलीची बुचं नऊ. तंबूचा खिळा एक. चमचा एक, वाकडा.

"काका, सरका जरा. तुमच्या पायाखालीच आहे."

तो सरकला. सरकला म्हणजे ओशाळून एक पाऊल मागे झाला, कारण बोलणारी बाई वाळूत गुडघे टेकून बसलीसुद्धा होती. ती शाळेच्या बसची ड्रायव्हर. पन्नाशीकडे झुकलेली, आवाज हॉर्नसारखा, आणि या छंदात येऊन तिला जेमतेम चार महिने झालेले. तिचं मशीन त्याच कंपनीचं पण जुनं होतं, कोणाकडून तरी घेतलेलं, आणि दिसेल त्या वस्तूवर ओरडायचं. तो तिला हसायचा. "तुमचं मशीन म्हणजे गल्लीतलं कुत्रं," असं त्याने तिला दोनदा ऐकवलं होतं.

त्यांच्यापासून दोन हातांवर एक परकी बाई ओला टॉवेल छातीशी धरून उभी होती. टॉवेल झटकताना तिच्या कानातली रिंग उडाली होती. केसाएवढी बारीक, सोन्याची. अर्धा तास त्याने ती जागा ओळी आखून तपासली होती. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, एक वीत जागा सुटली नव्हती. मग त्याने हेडफोन काढून गळ्यात अडकवला होता आणि म्हटलं होतं, "इथे नाही. दुसरीकडे कुठे पडली का आठवा. मशीन खोटं बोलत नाही."

हे वाक्य त्याचं जुनं होतं. चौतीस वर्षं तो वजनमापं तपासणारा निरीक्षक होता. दुकानात शिरला की दुकानदार तराजूच्या आधी स्वतःचा चेहरा पुसायचे. काटा हलला तर हलला, नाही तर नाही. मध्ये माणसाचं काही चालत नाही, यावर त्याने संसार केला, नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर हा छंदही धरला.

ड्रायव्हरबाईने वाळू मुठीत घेतली, बोटांतून सोडली, परत घेतली. तिसऱ्या मुठीत रिंग होती.

परकी बाई रडली, हसली, ड्रायव्हरबाईला मिठी मारून गेली. त्याच्याकडे तिने पाहिलंही नाही.

"बघू तुमचं बटण," ड्रायव्हरबाई म्हणाली आणि त्याच्या मशीनवर वाकली. "अगं बाई! काका, तुम्ही कागदाचा आवाजच बंद करून ठेवलाय की."

"चॉकलेटचे कागद, डब्यांच्या कड्या, असला कचरा कोण खणत बसणार? पहिल्या दिवसापासून बंद आहे."

"अहो, पण बारीक सोनं आणि चॉकलेटचा कागद, मशीनला दोघांचा आवाज सारखाच. एक बंद केलं की दुसरंही गेलं. पुस्तिकेत दिलंय ना."

"कुठे?"

"सतराव्या पानावर. मला तर सगळं वाचल्याशिवाय हात लावायची भीती वाटते. आमचं काय, बस चालवणारी माणसं, आधी सूचना मग चावी." ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, "काका, ऊन लागलं का? बसा बघू."

तो बसला नाही. त्याचे कान तापले होते, पण ते उन्हाने नव्हे. पिशवीच्या तळाशी पुस्तिका होती. खिशातल्या चाकूने त्याने ती दोन पानं सोडवली. ओळ तिथे होती, ठळक अक्षरांत, चौकटीत.

*

आता सहा वर्षं मागे.

त्याची आई तेव्हा होती. चालणं बंद झालेलं, बरंचसं आठवणंही. तिला सांभाळायला एजन्सीकडून एक बाई यायची. सकाळी आठ ते संध्याकाळी सात. त्याला ती दादा म्हणायची, त्याच्या बायकोला वहिनी. रोज चार वाजता ती आईला चाकांच्या खुर्चीवरून कोपऱ्यावरच्या बागेत न्यायची. खुर्चीचं चाक कुरकुरायचं म्हणून तिने आपल्याच बुटाची नाडी त्याला गुंडाळली होती.

आईच्या बोटात एक अंगठी होती, पन्नास वर्षं घासून तारेसारखी झालेली. बोटही तसंच झालेलं. एका संध्याकाळी अंगठी नव्हती.

"बागेत पडली असेल दादा," बाई म्हणाली. "बाकापाशी. घरून निघालो तेव्हा बोटात होती, मी पाहिली."

दुसऱ्या दिवशी तो मशीन घेऊन बागेत गेला. संध्याकाळची वेळ, सगळे आपापल्या जागी. बाकांवर बसणारी ती मंडळी त्याला टिटवी म्हणायची, मशीनच्या आवाजावरून. निवृत्त मास्तर होते, शिंपी होता, तळमजल्यावरच्या काकू होत्या. सगळ्यांनी पाय वर घेतले आणि पाहत बसले. त्याने बाकाभोवती ओळी आखल्या. बाई आईच्या खुर्चीची मूठ धरून उभी होती. शेवटची ओळ झाल्यावर त्याने हेडफोन काढला, तिच्याकडे पाहिलं, आणि मान हलवली. नाही.

एवढंच. पोलीस नाहीत, आरडाओरडा नाही. तो स्वतःला सभ्य समजायचा.

"अहो, मशीनच ते," बायको रात्री स्वयंपाकघरातून म्हणाली होती. "त्याच्यावर काय एवढा भरवसा?"

"मग माणसावर ठेवू?" तो म्हणाला होता.

मग एजन्सीच्या माणसाने फोनवर विचारलं, बाईंना का काढलं, तेव्हा त्याने खरं ते सांगितलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तुमची ती चांगली बाई कुठे गेली, तेव्हाही सांगितलं. बागेत तर सांगावंच लागलं नाही.

*

बाग, दुपार.

समुद्रावरून तो थेट इथे आला होता. कोणी नव्हतं. माळी पाइप सोडून जेवायला गेला होता. त्याने बटण शून्यावर आणलं, आणि मशीन ओरडायला लागलं. गल्लीतल्या कुत्र्यासारखं. बाकाच्या पुढच्या पायापाशी तर श्वास न घेता.

त्याने गुडघे टेकले. खुरपीने गवताची चकती कापली, बाजूला ठेवली. पहिला निघाला तो कागद. चंदेरी, चॉकलेटचा, पण चुरगळलेला नव्हे. कोणी तरी निगुतीने दोन बोटांत वळून त्याची मण्याएवढी गोळी केली होती. दुसरी चकती, दुसरी गोळी. तिसरी. सगळ्या सारख्या, एकाच हाताच्या.

आईला गोड बंद होतं. त्यानेच बंद केलं होतं. डॉक्टरीणबाईंनी "जपून द्या" म्हटलं होतं, त्याने घरात "बंद" असं सांगितलं होतं.

चौदा गोळ्या निघाल्या. पंधराव्या वेळी मशीनचा आवाज अगदी तसाच आला, रेसभरही वेगळा नाही. मातीत बोटभर खाली अंगठी होती. सोनं मळत नाही. त्याने थुंकी लावून पुसली तेव्हा ती काल पडल्यासारखी दिसली.

तो तसाच गुडघ्यांवर बसून राहिला. मग त्याच्या मनात जे आलं, त्याची पुढे त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली. त्याला वाटलं, परत पुरावी. सहा वर्षं झाली. आई गेली, तिलाही चार वर्षं झाली. घरात आता अंगठीची आठवणही कोणी काढत नाही. खड्डा बुजवायचा, हाताने दाबायचा, झालं. त्याने अंगठी खड्ड्यात ठेवलीही. वर माती लोटली.

मग वही काढली. वहीत तो कधी खोटं लिहीत नसे. एखादं बूच सापडलं तर बूचच लिहायचा. "बाग, दुपार," त्याने लिहिलं. "कागदाच्या गोळ्या चौदा." पेन थांबलं. पंधरा लिहिलं असतं तरी मशीनच्या दृष्टीने ते खरंच होतं.

त्याने माती उकरली आणि अंगठी खिशात घातली. खड्डे बुजवले. चौदाच्या चौदा गोळ्याही रुमालात बांधून घेतल्या, का ते त्याला सांगता आलं नसतं.

*

बाई बस डेपोमागच्या लॉन्ड्रीत असते, हे त्याला बायकोकडून कळलं. फोन केला तर ती इतकंच म्हणाली, "डेपोच्या मागे. निळं शटर." तिला हे कधीपासून माहीत होतं, हे विचारायचं त्याला धाडस झालं नाही.

आत वाफेचा वास होता. बाईने चष्मा लावला होता, केस पांढरे झाले होते. तिने त्याला पाहिलं, हातातली कॉलर पूर्ण केली, इस्त्री उभी ठेवली.

"कपडे टाकायचेत का साहेब?"

तो ऐकत राहिला. साहेब.

"अंगठी सापडली," तो म्हणाला.

"कुठे?"

"बाकाखाली. पुढच्या पायापाशी."

"मी म्हटलं होतं."

"हो."

त्याने अंगठी टेबलावर ठेवली, शेजारी रुमाल सोडला. गोळ्या पाहून बाईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काही तरी हललं.

"चॉकलेट देत होते मी त्यांना," ती म्हणाली. "तुम्ही नको म्हणाला होतात. पण चार वाजले की त्या हात पुढे करायच्या, लहान मुलीसारख्या. नाही म्हणवायचं नाही. खाऊन झालं की बोटं चिकट व्हायची, ती पुसायचे. तेव्हाच निघाली असणार."

"हे सांगितलं का नाहीत तेव्हा?"

"सांगितलं असतं तर चोर ते चोरच, वर गोड चारून मारायला निघाली असं झालं असतं. दोन्हींतलं एक घेतलं."

आतून मालकाने हाक मारली, "मावशी, शर्टांचा गठ्ठा झाला का?" तिने "झालाच" म्हणून उत्तर दिलं आणि हातात पुढचा शर्ट घेतला.

"ही तुम्ही ठेवा," त्याने अंगठी तिच्याकडे सरकवली. त्याला वाटलं होतं हे बोलताना बरं वाटेल. वाटलं नाही.

"मी काय करू? लोक म्हणतील, बघा, हिच्याकडेच होती." ती चक्क हसली. मग शर्टाची बाही पसरत म्हणाली, "साहेब, तुम्ही शोधत होतात तेव्हा सगळ्यांनी बघितलं. आता सापडली तेव्हा कोणी बघितलं?"

त्याने मान हलवली. तशीच, तेव्हासारखी.

"एजन्सीत सांगितलंत, दवाखान्यात सांगितलंत, बागेत समजलं. तीन ठिकाणं झाली. त्यानंतर मला म्हाताऱ्या माणसांचं काम कोणी दिलं नाही. मला तेच येत होतं." तिने इस्त्री उचलली. "जपा, गरम आहे. हात काढा."

*

एजन्सी जुनी जागा सोडून दुसऱ्या रस्त्यावर गेली होती. दवाखाना सकाळी दहाला उघडणार होता. राहिली बाग.

पाच वाजता सगळे आपापल्या जागी होते. मास्तरांनी लांबूनच आवाज दिला, "या टिटवी! आज काय खजिना?"

त्याने मशीन गवतावर ठेवलं. बसला नाही.

"ही आईची अंगठी. इथे मिळाली. या बाकाखाली."

अंगठी हातोहात फिरली. काकूंनी ती उजेडाला धरली. "अगं बाई, तीच! म्हणजे त्या चोरटीने परत आणून टाकली म्हणायची."

"देवाला घाबरली असेल," शिंपी म्हणाला.

"नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "सहा वर्षं इथेच होती. तिने घेतली नव्हती."

"मग मशीन बिघडलं असणार तेव्हा," मास्तरांनी समजूत घातली. "होतं असं. यंत्रच ते."

इथे त्याला हो म्हणता आलं असतं. सगळे त्याला हो म्हणायला जागा करून देत होते, बाकावर सरकून बसायला जागा देतात तशी.

"मशीन ठीक होतं. बटण मी फिरवलं होतं. आणि पुस्तिका मी वाचली नव्हती. ती खरं बोलत होती, आणि मी सगळ्यांदेखत तिच्याकडे बघून मान हलवली. तुम्ही सगळे होतात."

 शिंप्याने मशीन पाहून सवयीने पाय वर घेतले होते ते खाली सोडले. काकूंनी अंगठी त्याच्या तळहातावर ठेवली आणि नको ती वस्तू हातात आल्यासारखे हात पदराला पुसले.

"आता हे सांगून काय उपयोग," मास्तर खाली पाहत म्हणाले. "झालं गेलं."

"अजून दोन ठिकाणं राहिलीत," तो म्हणाला.

त्याने मशीन उचललं. दुपारी घाईत बुजवलेला एक खड्डा थोडा वर आला होता. त्याने वाकून गवताची चकती हाताने दाबली, आणि सगळे पाहत असताना दाबतच राहिला.

सहा वर्षांपूर्वी त्याने "उद्यापासून येऊ नका" असं सांगितलं, तेव्हा बाई आईची नखं कापत बसली होती. डावा हात झाला होता. तिने उजवाही पूर्ण केला, नखं कागदात गोळा केली, आणि मग चप्पल घातली.