पणजोबांचं उसनं लोखंड

शिंपीमास्तरांना चुकलेलं माप खपत नसे. गिऱ्हाईक आपली कंबर एक सांगे, टेप दुसरी सांगे, आणि मास्तर नेहमी टेपेची बाजू घेत, तीही चारचौघांत. त्यामुळे माणसं त्यांच्या दुकानात पोट आत ओढून शिरत आणि मान खाली घालून बाहेर पडत. अशा माणसाच्या स्वतःच्या जागेत एक फूट कमी भरावा, ही नामुष्कीच होती.

जागा कागदावर शंभर फूट रुंद होती आणि जमिनीवर नव्व्याण्णव. मास्तरांनी ती आधी कापडी टेपेने मोजली, मग लोखंडी पट्टीने मोजली, मग मोजणी कचेरीचा माणूस आणून त्याच्याकडून मोजून घेतली. तो म्हणाला नव्व्याण्णव, चहा प्यायला आणि गेला. एका अंगाला गल्ली होती, ती काही सरकत नाही. दुसऱ्या अंगाला घड्याळजींची भिंत होती. फूट कुणाच्या पोटात गेला हे विचारायला ज्योतिषी नको होता.

घड्याळजी म्हणजे मास्तरांचा लंगोटीयार. तीस वर्षं दोघं संध्याकाळी दुकानं बंद करून बुद्धिबळाचा पट मांडत आणि समोरच्याची खेळी कशी चुकली हे त्याला घसा बसेपर्यंत समजावत. मग हे फुटाचं प्रकरण निघालं आणि अकरा वर्षं बोलणं बंद झालं. जे काही बोलायचं ते नोटिशीतून. ज्याला जन्मभर ‘अरे घड्याळ्या’ म्हटलं त्याला नोटिशीत ‘आपण’ लिहावं लागे, याचं मास्तरांना वाईटही वाटे आणि बरंही वाटे. दोघांच्या बायका मात्र त्याच भिंतीच्या बुटक्या मागच्या टोकावरून वाट्या आणि डबे इकडून तिकडे करत होत्या. तुमच्या भांडणाने आमच्या घरातली साखर संपायची थांबत नाही, असं मास्तरांच्या बायकोने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं.

आता शेवटची सुनावणी आठ दिवसांवर आली होती. मास्तर जिंकले तर घड्याळजींना भिंत पाडून फूटभर मागे घ्यावी लागणार होती. त्या भिंतीत एक खिडकी होती आणि खिडकीखाली घड्याळजींचं कामाचं टेबल. भिंत गेली की खिडकीही गेली, आणि त्या उजेडाशिवाय घड्याळजींना तासकाटा आणि मिनिटकाटा यांतला फरक कळला नसता. मास्तरांना हे पक्कं ठाऊक होतं. त्याचा विचार न करण्याची त्यांनी स्वतःला सवय लावून घेतली होती, आणि ती सवय अजून नीट लागलेली नव्हती.

मास्तरांच्या हातात हुकमाचा एक्का होता तो म्हणजे पणजोबा. ही सगळी वस्ती वसवली तेव्हा प्रत्येकाला एक साखळी रुंदीचा तुकडा मिळाला. साखळी म्हणजे मोजणीची, शंभर कड्यांची, एकेक कडी एकेक फुटाची. ती साखळी धरून अख्खी वस्ती मोजणारे मोजणीदार म्हणजे मास्तरांचे पणजोबा. त्यांनी लिहिलेले शंभर म्हणजे शंभर. हा माणूस किती चोख होता याचा पुरावाही घरात होता. त्यांची एक खिशातली वही चार पिढ्या जपून ठेवलेली होती आणि तिच्यात दर महिन्याला एक ओळ होती: ‘लोखंड परत करणे. विसरू नये.’ कुणाकडून तरी लोखंडाचा एक तुकडा उसना आणला होता, त्याचीसुद्धा या माणसाला टोचणी. मास्तरांच्या घरात मुलं खोटं बोलली की ही ओळ वाचून दाखवली जाई. मास्तरांनी ती स्वतः निदान पन्नास वेळा ऐकली होती, त्यातल्या चाळीस वेळा विनाकारण.

तर पणजोबांच्या मोजणीच्या कागदाची सही-शिक्क्याची नक्कल मिळवायला मास्तर कचेरीतल्या जुन्या कागदांच्या खोलीत गेले. सोबत ती वहीही घेतली, न जाणो चारित्र्याचा दाखला लागला तर.

त्या खोलीचा कारभार एका बाईंकडे होता. बाईंच्या नाकाला धुळीची इतकी सवय झाली होती की स्वच्छ हवेत त्या शिंकत. त्यांनी जागेचा क्रमांक विचारला. मास्तरांनी चौतीस सांगितला. बाई हसल्या आणि म्हणाल्या, बसा, तुम्ही लोक नेहमीचेच.

तुम्ही लोक म्हणजे कोण, असं मास्तरांनी जरा ताठ्यातच विचारलं. बाईंनी सांगितलं ते असं, की त्या वस्तीतले पहिल्या अकरा जागांचे मालक कधी या खोलीची पायरी चढले नाहीत. बाराव्या जागेपासून मात्र रांग आहे. प्रत्येकाचा एकच अर्ज, शेजाऱ्याने आमचा फूट खाल्ला. बाईंच्या आधी इथे जे गृहस्थ होते ते निवृत्त झाले, त्यांच्या आधीचे वारले, पण बाराव्या जागेपासूनची रांग काही हटली नाही.

मास्तरांनी त्यावर वस्तीतल्या माणसांच्या दानतीबद्दल चार शब्द ऐकवले. बाईंनी ते ऐकत ऐकत कागद काढला, नक्कल केली, शिक्का मारला. चौतीस नंबर, रुंदी एक साखळी पूर्ण, खाली पणजोबांची सही. तुमची बाजू भक्कम आहे काका, असं म्हणून त्यांनी कागद हातात दिला. मास्तरांचा ऊर भरून आला. मग पणजोबांचं आणखी काही आहे का, असं त्यांनी विचारलं. आहे की, बाई म्हणाल्या, आणि त्यांनी कपाटाच्या तळातून एक लाकडी पेटी पायाने पुढे ढकलली. पेटीत ती साखळी होती.

मास्तरांनी साखळी दोन्ही हातांनी उचलली. जाड तारेच्या फूट फूट लांबीच्या कड्या, दोन्ही टोकांना कान वळवलेले, दर दहा कड्यांनंतर एक पितळी बिल्ला. आयुष्यभर माप घेणाऱ्या हाताला माप दिसलं की राहवत नाही. मास्तर ती बोटांतून सोडत मोजू लागले. पहिल्या बिल्ल्याला दहा, दुसऱ्याला दहा, तिसऱ्याला दहा. चौथ्याला नऊ. मास्तरांनी मागे जाऊन पुन्हा मोजलं. नऊ. पुढचे सगळे दहा. त्यांनी बाईंना मोजायला लावलं. बाईंनी दोनदा मोजलं आणि म्हणाल्या, नव्व्याण्णव.

मग बाईंनाही चेव चढला. त्यांनी त्या काळची सामानाची वही शोधून काढली. अकराव्या जागेची मोजणी झाली त्या दिवसाखाली पणजोबांच्या हातचं लिहिलेलं होतं: ‘साखळी एके ठिकाणी तुटली. सांधली. काम चालू.’ बाकी काही नाही. तारीख वाचून मास्तरांचा हात आपोआप पिशवीतल्या वहीकडे गेला. ती तारीख त्यांना पाठ होती. ती त्यांच्या आजोबांच्या जन्माची होती.

खिशातल्या वहीत त्या दिवसाखाली लिहिलेलं होतं: ‘मुलगा झाला. फार रडतो. तंबूत झोळी टांगायला लोखंड नाही. सोय केली.’

मास्तर हळूच खुर्चीवर बसले. त्यांच्या डोळ्यांसमोर स्वतःचं स्वयंपाकघर आलं. तिथे छताच्या कडीपाटाला फूटभर लांबीची एक जाड तार लटकलेली होती, दोन्ही टोकांना कान असलेली, एक कान जरासा उघडलेला. तिला मोठी कढई टांगलेली असे. पणजोबांच्या वेळचं आहे म्हणून घर बदललं तरी ते लोखंड सोबत यायचं. मास्तरांनी चार पिढ्यांचं ते उसनं लोखंड रोज दोन वेळा पाहिलं होतं, जेवायच्या आधी आणि जेवण झाल्यावर.

म्हणजे पोराच्या झोळीसाठी पणजोबांनी सरकारी साखळीची एक कडी काढली, साखळी सांधली आणि नव्व्याण्णव फुटांना शंभर म्हणत वस्ती मोजत सुटले. लवकरच परत लावू, असं त्यांच्या मनात होतं. दर महिन्याला होतं. आणि तेवढ्यावर बाराव्या जागेपासून पुढची अख्खी वस्ती तीन पिढ्या एकमेकांच्या उरावर बसली होती. फूट कुणी खाल्लाच नव्हता. तो मास्तरांच्या घरी कढई सांभाळत होता.

बाईंनी विचारलं, हे आता कुणाला सांगायचं का. त्यांच्या आवाजात काळजी होती, पण डोळे चमकत होते. सुनावणीत साखळी कोण मोजतंय, तिथे कागद चालतो, आणि कागद तुमच्या बाजूचा आहे, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. मास्तरांनी नक्कल घडी घालून खिशात ठेवली आणि घरी गेले.

घरी जाऊन त्यांनी स्टुलावर चढून कढई उतरवली. बायकोने विचारलं, कढई कुठे ठेवू, डोक्यावर? मास्तरांनी तिला सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन इतकंच म्हणाली की जे करायचं ते जेवायच्या आत करा. तार तिने स्वतः फडक्याने पुसून दिली.

घड्याळजी खिडकीखालच्या टेबलाशी डोळ्याला भिंग लावून बसले होते. दारात मास्तर दिसले तसं त्यांनी भिंग काढलं, पुसलं आणि पुन्हा लावलं.

“आपल्याशी थोडं काम होतं,” मास्तर म्हणाले.

घड्याळजींनी सांगितलं की आपलं काम नोटिशीने कळवावं. मास्तरांनी लोखंड टेबलावर ठेवलं, शेजारी नक्कल ठेवली, शेजारी वही ठेवली आणि उभ्या उभ्या सगळी हकीकत सांगितली. शेवटी ते म्हणाले की तुमचीही जागा एकदा मोजू द्या, नव्व्याण्णव भरली नाही तर टेप जाळून टाकीन.

“मोजायची गरज नाही,” घड्याळजी म्हणाले. “नव्व्याण्णवच आहे. मी मोजली होती.”

“कधी?”

“ही भिंत बांधली तेव्हा. वीस वर्षं झाली. एक फूट कमी भरला. पलीकडे तू. म्हटलं, यानेच खाल्ला असणार.” घड्याळजींनी लोखंड उचलून उजेडात धरलं. “मग म्हटलं, खाऊ दे. मित्र आहे, एका फुटाने काय होतं. नऊ वर्षं गप्प बसलो. आणि मग तुझीच नोटीस आली, की मी तुझा फूट खाल्ला.”

मास्तरांना लाज वाटली. ते गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले.

मग घड्याळजींचा बांध फुटला. अकरा वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर पडलं. पणजोबांपासून सुरुवात करून त्यांनी आजोबा, वडील आणि खुद्द मास्तर अशी वंशावळ ओळीने सोलून काढली. मास्तरांच्या टेपेला नावं ठेवली, त्यांनी शिवलेल्या एका कोटाच्या बाह्यांचा इतिहास काढला. भिंतीपलीकडे मास्तरांची बायको आणि अलीकडे घड्याळजींची बायको, दोघी कान लावून उभ्या होत्या आणि कुणीही मधे पडत नव्हतं. मास्तर खाली मान घालून ऐकत होते. इतकी वर्षं ते या आवाजाला मुकले होते, हे त्यांना आत्ता कळत होतं.

दमल्यावर घड्याळजी थांबले. त्यांनी कडीचा तो उघडलेला कान बोटाने चाचपून पाहिला. दोरी घासून तिथलं लोखंड गुळगुळीत झालं होतं.

“पोर झोपलं का मग?” त्यांनी विचारलं.

मास्तरांनी वही उघडली. झोळीच्या दुसऱ्या दिवशीची ओळ त्यांनी आजवर कधी कुणाला वाचून दाखवली नव्हती, कारण तिच्यातून मुलांना शिकवण्यासारखं काही नव्हतं.

“‘मुलगा झोपला,’” त्यांनी वाचलं. “‘मीही झोपलो.’”

घड्याळजींनी वही आपल्याकडे ओढून ती ओळ स्वतः वाचली. मग म्हणाले, “तेवढ्यासाठी एक फूट म्हणजे काही जास्त नाही रे.”

सुनावणीच्या दिवशी दोघं एकाच रिक्षाने गेले आणि भाडं कुणी द्यायचं यावरून दारातच जुंपले. साहेबांनी विचारलं तेव्हा मास्तरांनी अर्ज मागे घेतला आणि कारण भर कचेरीत, आपल्या पणजोबांच्या नावानिशी, मोठ्याने सांगितलं. मागच्या बाकांवर, आपापल्या तारखांना आलेली, बारा नंबरपासूनची निम्मी वस्ती बसली होती. त्यांच्यात जी शांतता पसरली ती ऐकून साहेबांनी घाईघाईने जेवणाची सुट्टी जाहीर केली. पुढे वर्षभर मास्तरांच्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक माप देताना विचारी, नव्व्याण्णव धरणार की शंभर. मास्तर निमूट ऐकून घेत.

जुन्या कागदांच्या खोलीत बाईंनी कडी तिसऱ्या आणि चौथ्या बिल्ल्याच्या मधे बसवली. घड्याळजींनी आपल्या चिमट्याने तिचा उघडलेला कान दाबून बंद केला. बाईंनी शंभर मोजले आणि पोचपावती लिहून दिली, सही-शिक्क्यासकट.

मास्तरांनी घरी येऊन ती पावती पणजोबांच्या वहीत ठेवली. मग पेन काढून, शेवटच्या ‘विसरू नये’च्या खाली, आपल्या किरट्या अक्षरात लिहिलं: ‘लोखंड परत केलं. उशीर झाला.’ तेवढ्यात भिंतीपलीकडून घड्याळजींनी हाक मारली की पट मांडून किती वेळ झाला, आणि मास्तर चपला न घालताच गेले.