बस मेली, थांबा जांभळा झाला

मित्रांनो, मी एक जुना बसथांबा आहे आणि सध्या माझा रंग जांभळा आहे. हा रंग मी मागितला नव्हता. गावानेही मागितला नव्हता. तरी माझ्या कपाळावर पाटी ठोकली आहे की हा रंग 'नागरिकांनी निवडला'. कोणी ती मोठ्याने वाचली की मला अजून चीड येते.

मी बल्गेरियातल्या ब्रेस्तोवाने नावाच्या गावाच्या वेशीवर उभा आहे. माझा जन्मही असाच लोकांच्या नावावर झाला. त्या कम्युनिस्ट काळात लोकसहभाग सक्तीचा असे. शनिवारी सकाळी पक्षाचा माणूस दारोदार सांगत फिरे की आज सगळ्यांनी स्वखुशीने काम करायचे आहे, आणि जो स्वखुशीने येणार नाही त्याचे नाव वर कळवले जाईल. लोक पुटपुटत आले, त्यांनी सिमेंट कालवले आणि मला उभे केले. माझी डावी भिंत अजून तिरकी आहे. ती मिन्चोकाकांनी बांधली. तेव्हा ते तरुण होते आणि सकाळपासूनच त्यांनी घेतलेली होती.

तरी ते दिवस चांगले गेले, हे मी कबूल करतो. सकाळची बस वेळेवर यायची. शाळेची मुले, मिरच्यांची पोती घेऊन बाजाराला निघालेल्या बायका, कारखान्यातले कामगार, सगळे माझ्या बाकावर दाटीवाटीने बसायचे. पावसात अडकलेली माणसे म्हणायची, बरा आहे हो हा थांबा. एवढे कौतुक मला पुरत असे.

पुढे कारखाना बंद पडला आणि तरुण माणसे परदेशी गेली. उरलेल्यांनी माझी काय दशा केली ते ऐका. सूर्यफुलाच्या बिया चघळत बसायचे आणि टरफले माझ्या पायाशी थुंकायची. बाकाखाली च्युइंगगम चिकटवायचे. मागच्या कोपऱ्यात जे करायचे, ते तर सांगायलाही लाज वाटते. मी काही देऊळ नाही, पण मोरीही नाही. माझ्या अंगावरच्या एकाच गोष्टीला कोणी हात लावत नसे, ती म्हणजे मेलेल्या माणसांचे कागद. आमच्याकडे कोणी गेले की काळ्या चौकटीत त्याचा फोटो आणि नाव छापून थांब्यावर, फाटकावर, झाडावर चिकटवतात. तो कागद उन्हापावसाने आपोआप गळतो. फाडायचा नसतो. दारुडासुद्धा फाडत नाही.

एक दिवस सकाळची बस बंद झाली. नगरपालिकेने कारण दिले की प्रवासी कमी आहेत. कमी होते, हे खरे. पण त्या कमीत गाव्रिल होता. त्याची मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि आठवड्यातून तीनदा शहरातल्या इस्पितळात यंत्रावर त्याचे रक्त शुद्ध करून घ्यावे लागे. त्याची बायको नेदा त्याला हाताला धरून माझ्यापाशी आणायची. बस गेली तशी ती रस्त्यात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना हात करू लागली. काही थांबत, काही नाही. गाव्रिलच्या फेऱ्या चुकू लागल्या. त्याचे पाय असे सुजले की बूट चढेनात. तो माझ्या बाकावर नुसत्या मोज्यांनी बसायचा.

अशात नगरपालिकेने 'आमचे गाव, आमचा आवाज' म्हणून सभा भरवली, तीही माझ्याच समोर. इवेलिना नावाची तरतरीत बाई शहरातून आली. तिने फळा मांडला, लोकांना रंगीत टिकल्या वाटल्या आणि सांगितले की थांबा सुधारायचा आहे, तर आवडत्या रंगावर टिकली लावा. मिन्चोकाकांनी बसचे काय म्हणून विचारले. ती गोड हसून म्हणाली की तो आजचा विषय नाही. नेदाने विचारले, तेव्हाही तेच. लोकांनी टिकल्या एकमेकांच्या कपाळाला लावल्या आणि घरी गेले. फळ्यावर एकच टिकली निघाली, जांभळ्या रंगावर, तीही वाऱ्याने उडून चिकटली असावी. चार दिवसांत मी जांभळा झालो. माझ्या आयुष्यात माझ्यावर लोक थुंकले, पण एवढा अपमान कोणी केला नव्हता.

मिन्चोकाका मात्र गप्प बसले नाहीत. कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोत मागे जुनी बस उभी होती. तो फोटो घेऊन ते शहरात, जिथे मेलेल्यांचे कागद छापतात त्या दुकानात गेले. दुकानदार बाईने सवयीने फक्त वय विचारले. दुसऱ्या दिवशी माझ्या नव्या जांभळ्या अंगावर काळ्या चौकटीचा कागद लागला. त्यावर छापले होते: आमची लाडकी सकाळची बस, दीर्घ सेवेनंतर, नगरपालिकेच्या हातून अचानक गेली. चाळिसाव्याला सर्वांनी थांब्यापाशी यावे.

नगरपालिकेचा माणूस रंग खराब होतो म्हणून कागद काढायला आला. काळी चौकट पाहिली, टोपी काढली आणि तसाच परत गेला.

आमच्याकडे माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवशी त्याच्या नावाने खाऊ घालतात. त्या चाळिसाव्याला सगळे गाव जमले. साखर-अक्रोड घातलेले उकडलेले गहू वाटले गेले, जमिनीवर दारूचा घोट ओतला गेला. नेमकी नगराध्यक्ष प्लामेनची मोटार तिथून चालली होती. निवडणूक तोंडावर आली होती आणि प्लामेन कुणाचेही दिवसपाणी चुकवत नसे. काळी चौकट आणि गर्दी दिसताच त्याने मोटार थांबवली, ड्रायव्हरला पिटाळून फुले आणवली, मोजून सम संख्येची, मेलेल्यांना देतात तशी. मग चेहरा पाडून आला, गहू तोंडात टाकले आणि म्हणाला, "देव क्षमा करो. फार भला माणूस. मी चांगला ओळखत होतो."

"ओळखत होतास ना?" मिन्चोकाका म्हणाले. "मग मारलीस कशाला?"

प्लामेनने कागद वाचला. लोक खो खो हसत सुटले. तोही हसायला गेला, पण तोंडात गहू होते. तेवढ्यात नेदा पुढे आली आणि हसणे थांबले. गाव्रिल बाकावर मोज्यांनी बसला होता.

"प्लामेन," ती म्हणाली, "आज तू बसच्या चाळिसाव्याचं खाल्लंस. याच्या चाळिसाव्याला तुला बोलवायची वेळ माझ्यावर आणू नकोस."

त्याला ते गहू ना गिळता येत होते, ना थुंकता. मेलेल्याच्या नावाचा घास आमच्याकडे थुंकत नाहीत. शेवटी त्याने कसाबसा गिळला आणि फुले हातात धरूनच मोटारीत बसला.

पुढच्या आठवड्यात बस आली. गाव्रिलला दोघांनी उचलून वर चढवले. तो खिडकीशी बसेपर्यंत नेदा खालीच उभी होती. मग ती माझ्याकडे वळली, नखांनी कोपरा उकरला आणि काळ्या चौकटीचा कागद टरकन फाडला. गावात असा कागद कोणी फाडताना मी प्रथमच पाहिले. कोणी तिला अडवले नाही.

नगरपालिकेने आता छापले आहे की जांभळ्या थांब्याच्या सभेत नागरिकांनी केलेल्या सूचनेवरून बस पुन्हा सुरू झाली. किळस येते, मित्रांनो. तुमच्याही गावात कोणी रंगीत टिकल्या घेऊन येईल. त्याने काहीही विचारले तरी आधी तुम्ही त्याला विचारा, की इथे बुटाशिवाय कोण बसले आहे? आणि टरफले खिशात ठेवा. जो माणूस स्वतःच्या थांब्यावर थुंकतो, त्याचे ऐकायचे नाही, हे वर बसलेल्यांना फार सोपे जाते.