धवल्यांचे तांदूळ

दिनानाथसरांनी लग्नपत्रिकेची कोरी बाजू वर केली, पेनाने दोन तिरक्या रेघा एकमेकींना टेकवून एक चिनी अक्षर काढलं आणि पत्रिका पाहुणीसमोर सरकवली.

"माणूस," ते इंग्रजीत म्हणाले. "बरोबर?"

"बरोबर." लिन हसली. "हात छान आहे तुमचा, सर."

सर खुलले. अख्ख्या जगाची भाषा एकच व्हावी, हा त्यांचा जुना ध्यास. नातेवाइकांत हा विषय निघाला की लोक चपला शोधू लागत. आज मात्र थेट चीनहून आलेली श्रोती सोफ्यावर त्यांच्या मुलीशेजारी बसली होती आणि ती कुठे पळूनही जाणार नव्हती. लिन या मुलीच्या, समीक्षाच्या, उरणजवळच्या द्रोणागिरीतल्या ऑफिसात कामाला होती आणि तिच्या संध्याकाळच्या हळदीसाठी पनवेलला आली होती. बंगल्याबाहेर मांडव उभा राहत होता.

"चीनच्या उत्तरेतला माणूस हे अक्षर एका तऱ्हेनं उच्चारतो, दक्षिणेतला दुसऱ्या. जपानी माणूस आणखी वेगळं. पण अर्थ सगळ्यांना कळतो! मग साऱ्या जगानं असंच का लिहू नये? या बोलीबोलींच्या कटकटी तरी मिटतील."

स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. "आगं बाय, फुटला वाटतं!" असा मोठा आवाज आला. सर उठले, हसत हसत त्यांनी आतलं दार लोटून घेतलं आणि परत येऊन बसले.

आत त्यांची थोरली बहीण वेणू होती. उरणकडच्या गावांमध्ये तिला सगळे धवलारीण म्हणून ओळखत. धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गात ती लग्न लावायची. मांडवात तिचा शब्द शेवटचा असे. आईबापामागे तिनंच दिनानाथला वाढवलं. लग्न लावल्यावर लोक तिच्या ओटीत तांदूळ घालत, आणि त्याच तांदळाचा भात खाऊन तो कॉलेजपर्यंत पोचला होता. समीक्षाचं लग्न आपणच लावायचं, हे वेणूनं पोरगी पाळण्यात असल्यापासून ठरवून टाकलं होतं.

सकाळी सरांनी तिला बाजूला घेतलं होतं.

"बाय, उद्या भटजी सांगितलेत. धवले नकोत. मुलाकडची माणसं पुण्याची आहेत. आणि पाहुण्यांसमोर जरा शुद्ध बोल. नाहीतर आतच बस."

"बरा हाय," ती म्हणाली होती. "तू सांगशील तसा."

तिनं एवढ्या सहज मान्य केलं याचं त्यांना बरंच वाटलं होतं.

लिन अजून त्या अक्षराकडे पाहत होती.

"माझं गाव समुद्रकाठचं आहे, सर. आजी बोलायची ती बोली शेजारच्या जिल्ह्यातही कळत नाही. तिची गाणी मी एकदा लिहायला बसले. कितीतरी शब्दांना अक्षरच सापडेना. जे सापडलं ते लिहिलं, तर ती आजीची गाणी राहिलीच नाहीत." ती थांबली. "शाळेतल्या मैत्रिणी घरी आल्या की आजी आपणहून स्वयंपाकघरात जाऊन बसायची. मला वाटायचं, तिला तिथेच आवडतं."

सरांचं लक्ष लोटलेल्या दाराकडे गेलं. त्यांनी पत्रिका उलटी करून ठेवली.

"मग तू माझ्या आत्याला ऐकच!" समीक्षा उठलीच. तिला सकाळचं काहीच ठाऊक नव्हतं. "उद्या माझं लग्न तीच लावणार आहे. आत्या! बाहेर ये ना. हिला एक धवला म्हणून दाखव."

वेणू पदराला हात पुसत दारात आली. सरांनी आणलेली गुळगुळीत साडी तिला सावरत नव्हती. तिनं आधी भावाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिनं त्याच्याकडे असं परवानगीसाठी कधी पाहिलं नव्हतं. सरांना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"म्हण ना, बाय," ते कसंबसं बोलले.

वेणूनं पदर खांद्यावर नीट घेतला.

"मला गाणी येत नाहीत," ती एकेक शब्द जपून म्हणाली. "आमच्याकडे लग्न भटजी लावतात."

"आत्या, असं काय बोलतेस?" समीक्षा हसली, मग तिचं हसू मावळलं. तिनं वडिलांकडे पाहिलं. लिनसाठी तिनं काहीच भाषांतर केलं नाही. लिननंही विचारलं नाही.

वेणू आत गेली. सर तिच्यामागे गेले. ती ओट्याशी उभी राहून फुटलेल्या कपाचे तुकडे कागदात गुंडाळत होती. सरांनी घरचं बोलणं सोडून जमाना झाला होता; शब्द जिभेवर येईनात.

"बाय," ते म्हणाले, "माजं चुकलं. उद्या तूच गा. तुज्याशिवाय लगीन व्हयाचं नाय."

वेणूनं पुडी बांधली, बाजूला ठेवली. मग गॅसवरचं भांडं उतरवून तिनं चहा गाळायला घेतला.

"पाहुण्यांना साखर किती लागते," तिनं तशाच शुद्ध मराठीत विचारलं, "ते जरा विचारून येता का?"