गुंड्याची मासळी

आमच्या घरात मासळी शिजायची ती कुत्र्याच्या नावावर. ऐकून हसू आलं तर हसा. पहिले काही महिने आम्हीही हसायचो.

लालबागची चाळ पाडायला घेतली आणि आम्ही घाटकोपरला भाड्याच्या घरात आलो. मी, माझा नवरा सिद्धेश, कोकणातून येऊन गिरणीत आयुष्य घालवलेले माझे सासरे अण्णा, आणि चाळीच्या जिन्याखाली वाढलेला गुंड्या. सिद्धेशचं ऑफिस मरोळला, मेट्रो दाराशी, भाडं बिल्डरने दिलेल्या पैशांत बसणारं. एकच अट होती: बिल्डिंगमध्ये मांस-मच्छी शिजवायची नाही. सिद्धेश म्हणाला, दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न आहे. त्याचं काय जातंय? तो ऑफिसच्या कँटीनमध्ये सगळं खातो. प्रश्न अण्णांचा होता. मासळीशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. पहिल्याच आठवड्यात ते अर्ध्या भाकरीवर आले आणि मी भांडुपहून बांगडे आणले.

बांगड्यांचं तिखलं उकळत होतं तेवढ्यात बेल वाजली. दारात सेक्रेटरींची बायको, जानकी आंटी. खालच्याच मजल्यावर राहतात. मी पदराला हात पुसत राहिले आणि सिद्धेशने घाबरून ठोकून दिलं, कुत्र्यासाठी आहे म्हणून. आंटींचा चेहराच बदलला. त्यांच्याकडेही एक केसाळ लाडोबा आहे. त्या म्हणाल्या, मुकं जनावर, त्याला काय अटी कळणार, खिडक्या तेवढ्या बंद ठेवत जा. कमिटीला त्या सांभाळून घेणार होत्या.

झालं. त्या दिवसापासून गुंड्या आमच्या घरातला कर्ता पुरुष. मी आधी त्याच्यासाठी दोन तुकडे साधे उकडून काढायची, काटे निवडायची, मग राहिलेल्याला लसूण, त्रिफळं, कोकमाचं आगळ. म्हणजे अगदीच खोटं नव्हतं. अण्णा आतल्या खोलीत दार लावून जेवायचे. गिरणीच्या संपात उपाशी राहिलेला माणूस, पण चोरून कधी जेवला नव्हता. दाराला कडी लावताना मला त्यांच्याकडे बघवायचं नाही.

दिवाळीनंतर आंटी पुन्हा आल्या, हातात फोन. कुत्र्यांसाठी ताजं जेवण घरपोच देणारी एक कंपनी निघाली होती. दर आठवड्याला गोठवलेली पाकिटं येतात, वजनाप्रमाणे मापून, फक्त कोमट करायचं. त्यांचा लाडोबा त्यावर नुसता तुकतुकीत झाला होता. मासे आणि भाताचंही पाकीट होतं. आंटी प्रेमाने म्हणाल्या, "आता तुला हे सगळं हाताने करायची काय गरज, बेटा?"

रात्रीची भांडी घासून होईपर्यंत सिद्धेशने हिशेब मांडला. महिन्याचा खर्च आमच्या भाजी, दूध आणि गॅसला पुरून उरेल एवढा. मला आनंदच झाला. महाग आहे, परवडत नाही, एवढं सांगितलं की विषय संपला. मध्यमवर्गाला गरिबीचा असा उपयोग क्वचितच होतो.

पण आंटींनी तीही वाट ठेवली नाही. अर्धे पैसे त्या भरणार होत्या. गुंड्यासाठी. म्हाताऱ्या माणसाच्या पानात काय पडतं हे ज्या बिल्डिंगमध्ये कुणी विचारलं नाही, तिथे आमच्या कुत्र्याला देणगीदार मिळाला. माझं डोकं फिरलं. सिद्धेश डोळ्यांनी गप्प बस म्हणत होता, तरी मी बोललेच.

"आंटी, ती मासळी गुंड्यासाठी नसते. आमच्या अण्णांसाठी असते. त्यांना दुसरं काही जात नाही."

आंटी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "कुत्र्याला लसूण विष असतं. कुत्रं पाळणारी बाई त्याच्या जेवणात लसूण घालेल का? पहिल्या दिवसापासून वास येत होता. पण कुत्र्याचं नाव होतं तोवर मला कमिटीला तोंड देता येत होतं. आता त्याची सोय झाली. माणसासाठी परवानगी मागितलीस, तर मी काय सांगू?"

 घर बदलायचं तर नवं डिपॉझिट, दलाली, आणि पुन्हा तीच अट. सिद्धेशने पाकिटं सुरू केली. पैसे मात्र पुरते आम्हीच भरले, तेवढा माज शिल्लक होता.

मनात एक आशा होती, गुंड्या तोंड लावणार नाही. जिन्याखाली वाढलेलं कुत्रं, त्याला असले चोचले काय? मेल्याने पहिल्याच दिवशी वाडगा इतका चाटला की धुवायची गरज उरली नाही. मी त्याच्यावर खेकसले. त्याची काय चूक होती?

अण्णांना मीच सांगितलं. ते म्हणाले, "इतके दिवस मी गुंड्याच्या नावार जेवलंय. आता तेचा तेका गावला." एवढंच. मग वरण-भात, वरण-भात, तोही चिमणीच्या चोचीएवढा. सिद्धेश हॉटेलातून सुरमई थाळी आणू म्हणाला, तर अण्णांनी हात जोडले. पिशवीत लपवून आणलेलं त्यांना नको होतं. महिन्याभरात त्यांच्या सदऱ्याची कॉलर गळ्यापासून सुटून उभी राहिली.

एका रविवारी दुपारी आंटी चौकशीला आल्या, गुंड्याला मानवतंय ना म्हणून. मी दूध घेऊन परतत होते, दारातच गाठ पडली; त्यांना घेऊन आत शिरले आणि जागीच थांबले. अण्णा बाहेरच्या खोलीत टेबलाशी खुर्चीवर बसले होते, दार सताड उघडं, समोर स्टीलचं ताट. ताटात बांगड्याचा लगदा, भात, गाजराचे तुकडे. शेजारी कुत्र्याचं चित्र असलेलं फाडलेलं पाकीट. ते नीट मांडी घालून, चार बोटांनी कालवून जेवत होते.

आंटींना आधी कळलं नाही. मग पाकीट दिसलं. "दादा," त्या चाचरत म्हणाल्या, "हे कुत्र्याचं आहे."

अण्णांनी घास गिळला.

"होय," ते म्हणाले. "म्हणानच हयसर चलता."

मला लाज वाटली. त्यांची नाही, माझी, सिद्धेशची, त्या फाडलेल्या पाकिटाची. ताट ओढून घ्यावं असं वाटलं, पण महिन्याभराने तो माणूस पोटभर जेवत होता.  आंटी चप्पल शोधत बाहेर गेल्या, त्यांना ती बराच वेळ सापडली नाही.

संध्याकाळी सिद्धेशने विचारलं, सुरुवातीची सवलत संपतेय, एवढे पैसे घालण्याजोगं आहे का हे, की बंद करू?

"चालू ठेव," मी म्हटलं, "दोघं जेवतात त्यात."

 त्याने फोनवर कंपनीचं खातं उघडलं. पाकिटं कुत्र्याच्या वजनावर ठरतात, म्हणून त्याने गुंड्याचं वजन दुप्पट करून टाकलं.