आज नाही कोन म्हनलं?

मुलांनो, डोळे मिटा आणि नऊ वर्षांच्या अर्पिताच्या जागी उभे राहा. अमडापूरजवळचं एक लहान गाव. पुढे तिरडी चालली आहे, आणि तिच्यावर तुमचा मोठा भाऊ आहे. मोर्चात सगळ्यांच्या पुढे चालणाऱ्या ज्या अर्पिताताईंना आज अख्खा तालुका ओळखतो, त्याच या. पण तेव्हा त्यांना नुसते प्रश्न पडायचे.

भावाचं नाव प्रसेनजित. बौद्धवस्तीतून मसणवटीकडे जाणारी जुनी वाट राजकुमारभाऊंच्या शेतातून होती. त्यांच्या वडिलांनी ती बंद केली, तेव्हापासून वस्तीतली प्रेतं नाल्यातून न्यावी लागत. आदल्या पावसाळ्यात खांदेकऱ्याचा पाय घसरला आणि तानुबाई म्हातारी तिरडीसकट पाण्यात पडली. त्या दिवसापासून प्रसेनजित वाटेसाठी भांडू लागला. शेवटी तहसीलसमोर उपोषणाला बसला. कावीळ झाली, तरी उठला नाही. बुलढाण्याला नेलं तेव्हा उशीर झाला होता.

शेताजवळ दोन वाटा फुटतात. तिथे एक नवल घडलं. कुणी अडवलं नाही, तरी खांदेकऱ्यांचे पाय आपोआप नाल्याकडे वळले. त्यांत प्रसेनजितच्या शेजारी उपोषणाला बसलेले दोघेही होते.

अर्पितानं वडिलांचा, पुंजाजींचा, सदरा ओढला. "बाबा, इकडून काऊन?"

"इकडूनच नेतात, पोरी."

"पन आज नाही कोन म्हनलं?"

पुंजाजींनी मागेपुढे पाहिलं. "कोनीच नाही."

"मंग?"

"मंग काय! उद्या राजकुमारभाऊच्याच वावरात कामाले जा लागते मले."

मागून वस्तीतली केसरबाई फणकारली, "पोरगी खोटं इचारते का? वाटेपायी जीव गेला त्याचा, अन् तुमी त्यालेच नाल्यात घालता!"

"काकू, चूप बस ना. आभाळ भरून येऊन राह्यलं," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

पण खांदेकरी थांबले होते.

राजकुमारभाऊ शेताच्या बांधावर उभे होते. फवारणीचा पंप पायाशी, अगदी जुन्या वाटेच्या तोंडावर ठेवलेला.

"पुंजाजी, पोरगं हुशार होतं," ते म्हणाले. वाटेबद्दल 'हो'ही नाही की 'नाही'ही नाही. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले.

अर्पिता पुढे गेली. औषधानं अर्धा भरलेला तो पंप तिनं दोन्ही हातांनी, थेंबही सांडू न देता, ओढत बाजूला केला. मग बांध ओलांडून जुन्या वाटेनं चालू लागली. मागे कोण येतंय, हे तिनं वळून पाहिलं नाही.