श्रावणात रिकामी राहणारी खुर्ची

मी दाढी-कटिंगच्या दुकानातली एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो, आणि मी दमले आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्याकडून फार उत्साहाची अपेक्षा राहणार नाही.

१९९४ साली कुर्ल्याच्या एका शेडमध्ये माझा जन्म झाला. पाया बिडाचा, बैठक लाल रेक्झिनची. उजवीकडे पायाने दाबायचा दांडा. तो दाबला की मी वर जाते, सोडला की खाली. टेम्पोत घालून मला मुलुंड पूर्वेच्या एका गल्लीत आणलं. दुकानाचा मालक चंद्रप्रकाश, त्याने स्वतः उतरवून घेतलं, आरशासमोर ठेवलं आणि फडक्याने पुसलं. तेव्हा त्याचे केस काळे होते आणि हात दगडासारखा स्थिर.

आमची गल्ली छोटी, पण तिथे येणाऱ्याला परत जायची घाई नसते. सोनमोहराची दोन झाडं, एक फुलवाली, एक इस्त्रीवाला, आणि आमच्या भिंतीला भिंत लावून जानकीकाकूंची खानावळ. भिंत कसली, प्लायवूडचा पडदाच तो. वर हातभर फट, त्यातून तळलेल्या बांगड्याचा वास आमच्याकडे येतो आणि आमच्या आफ्टरशेव्हचा त्यांच्याकडे जातो. रविवारी लोक आमच्याकडे नंबर सांगायचे आणि जेवायला पलीकडे जाऊन बसायचे. नंबर आला की काकू फटीतून ओरडायच्या, "चंदूभाऊ, तुमचो परुळेकर अजून काटे काढीत बसलोहा! दुसऱ्याक घेवा!" परुळेकर म्हणजे गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झालेले आमचे सगळ्यांत जुने गिऱ्हाईक. ते सोलकढीचा पेला हातात घेऊनच यायचे आणि निम्म्या दाढीत झोपायचे. लोक माझं कौतुक करायचे. "काय खुर्ची आहे रे, घरी न्यावीशी वाटते!" असं कितीदा ऐकलं. नेली कुणी नाही.

श्रावण आला की मात्र दोन्ही दुकानं ओस. आमची बहुतेक गिऱ्हाइकं कोकणातली. महिनाभर ना मासा, ना वस्तरा. जानकीकाकू काळ्या वाटाण्याची आमटी आणि आंबोळ्या करतात, पण पापलेटाची गर्दी आमटीला होत नाही. आमच्याकडे तो महिना दुरुस्तीचा. माझ्या दांड्यात तेल पडायचं, उसवलेली शिवण शिवली जायची. तीच माझी सुट्टी.

आता गेल्या वर्षीचं सांगते.

चंद्रप्रकाशचा उजवा हात केव्हाचाच थरथरायला लागला होता. ही गोष्ट मला सगळ्यांत आधी कळली, कारण डावा हात तो माझ्या पाठीवर टेकायचा आणि उजवा हलू नये म्हणून डाव्याने मला आवळून धरायचा. घरी त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. मला तोंड नाही, म्हणून गोष्ट गुपित राहिली.

आषाढातल्या शेवटच्या रविवारी दोन्ही दुकानांत पाय ठेवायला जागा नव्हती. चार दिवसांनी श्रावण लागणार म्हटल्यावर आधी पोटभर खाऊन, मग गुळगुळीत होऊन घरी जायचं, हा सगळ्यांचा बेत. दुपारी दीडच्या सुमाराला परुळेकरांच्या कानाखाली वस्तरा लागला. रक्त माझ्या हातावर पडलं. चंद्रप्रकाशने तुरटी दाबली.

"काय नाय रे, चालू दे," परुळेकर म्हणाले.

पण चंद्रप्रकाश दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला नाही. बाकीच्यांना त्याने हात जोडले आणि शटर अर्धं ओढलं. त्याची सून जान्हवी डबा घेऊन आली होती. भांडुपच्या एका पार्लरमध्ये ती पाच वर्षं काम करत होती.

"दुकान देऊन टाकतो," तो म्हणाला. "तो मोबाइलची कव्हरं विकणारा कधीचा मागतोय."

"मी चालवते ना."

"हे पुरुषांचं दुकान आहे गं."

"मग? बाईच्या हातात कात्री चालत नाही का बाबा?"

"कात्री ठीक आहे. दाढी?"

"शिकवा."

त्याने वस्तरा पुसून ठेवला. मग म्हणाला, "श्रावण संपेपर्यंत शीक. तोवर वीस जण तुझ्या हाताखाली बसले तर दुकान तुझं. नाहीतर मोबाइलवाल्याचं. आणि ही खुर्ची भंगारात."

प्लायवूडपलीकडून काकू कडाडल्या. "श्रावणात परीक्षा? चंदूभाऊ, मग माका पण सांगा, श्रावणात पापलेट विकून दाखव म्हणून!"

तो ओशाळला, पण शब्द फिरवला नाही. त्याने मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. त्याच्या बापाने त्याला श्रावणातच शिकवलं होतं. श्रावण म्हणजे शिकायचा महिना, एवढंच डोक्यात. शिकायला गिऱ्हाईक लागत नाही, पण जोखायला लागतं, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

खरं सांगू? भंगाराचं नाव ऐकून मला धक्का बसला नाही. एकतीस वर्षं वर-खाली केल्यावर कुणीतरी वितळवून टाकलं तर बरं, असंही वाटून गेलं.

जान्हवी फुग्यावर शिकली. फुगवलेल्या फुग्याला साबणाचा फेस लावायचा आणि तो न फोडता वस्तऱ्याने काढायचा. पहिल्या दिवशी नऊ फुगे फुटले. पलीकडून काकू दर वेळी विचारायच्या, "गेलो काय गे आणखी एक?" दहाव्या दिवशी एकही फुटला नाही, पण गिऱ्हाईकही आलं नाही.

मग मिथुन आला. राहायला नाहूरला, केबल जोडायच्या कामाला. दर श्रावणात तो येतोच.

"काका, आमच्यात श्रावण-बिवण नाही. बुद्धविहारात पावसाळ्याचा वर्षावास असतो, पण दाढी करू नका असं कुणी सांगितलेलं नाही. गर्दी नको म्हणून मी याच महिन्यात येतो." तो माझ्यावर बसला, आरशात पाहिलं आणि चपापला. "ताई, तू करणार? वाट लागली."

"उठून जा मग."

"बसलोय ना आता." त्याने डोळे मिटले. दाढी संपल्यावर विचारलं, "कान दोन्ही आहेत ना?"

"मोजून घे."

त्याने खरंच दोन्ही कान चाचपून पाहिले आणि हसला. त्याच्या बिल्डिंगमधले आणखी काही जण आले. एक शाळकरी पोरगाही आला. श्रावण संपला तेव्हा एकूण अकरा झाले होते. वीस नव्हते.

दुसरा दिवस रविवार, भाद्रपदाचा पहिला. गणपती तीन दिवसांवर. महिनाभराच्या दाढ्या वाढवून आठ जण बाकावर, आणि सगळे चंद्रप्रकाशसाठी. जान्हवी कोपऱ्यात टॉवेलांच्या घड्या घालत होती. मोबाइलवाला दुपारी येणार होता. पहिला नंबर परुळेकरांचा. चंद्रप्रकाशने फेस लावला, वस्तरा उचलला, आणि माझ्या पाठीवरची त्याची पकड मला दुखेल इतकी घट्ट झाली.

परुळेकरांनी त्याचं मनगट धरलं.

"चंदू, दोन वर्षां झाली तुझो हात थरथरता. माका काय कळत नाय?"

हातातला वस्तरा खाली आला.

"मग येत कशाला होतास?" चंद्रप्रकाशने विचारलं.

"तुका वाईट वाटात म्हणून. झोपेचा सोंग करून मान घट्ट धरून बसायचो." परुळेकरांनी दोन्ही हातांनी माझे हात पकडून दाखवले. इतकी वर्षं मी ती त्यांची म्हातारपणाची पकड समजत होते. "आता मानही दमली रे. पोरीक दे."

चंद्रप्रकाशने वस्तरा जान्हवीच्या हातात दिला आणि बाजूला झाला. बाकावरचे दोघे उठून निघून गेले. परुळेकर धरून सहा जण बसून राहिले. वीस जणांची अट सोडून मोबाइलवाल्याला त्याने फोनवर नाही म्हणून सांगितलं, तेही दारात जाऊन, हळू आवाजात.

जान्हवी माझ्या पाठीला हात टेकत नाही, तिला गरज नाही. म्हणजे मला भंगार नाही, आणि विश्रांतीही नाही. दांड्यात तेल घालायचं यंदा राहून गेलं आहे. मी वर जाताना करकरते.

मित्रांनो, तुमच्याही गल्लीत असं एखादं दुकान असेल, एखादी खानावळ असेल. तिथे मजेत बसा, पोटभर जेवा, झकास केस कापून घ्या. पण ज्याच्यापुढे निर्धास्त मान टाकता, जो तुमच्या ताटात गरम वाढतो, त्याच्या हातांकडेही अधूनमधून बघत जा. ते दमलेले दिसले तर गप्प बसून सोसू नका. परुळेकरांसारखं मनगट धरून सांगा, आणि त्यांच्यापेक्षा दोन वर्षं आधी सांगा.